पडद्यावर त्याची फजिती, घाम मात्र आपल्याला
वाचकांचे प्रश्न : सिनेमा आणि नाटक

कोणता सिनेमा तुम्हाला शेवटपर्यंत बघवला नाही आणि का, असं आम्ही मागच्या अंकात विचारलं होतं. इंदूरच्या रामबाग, स्नेहनगर, सुदामानगर इथून, अगदी महूहूनही पत्रं आली. भुताखेतांबद्दल किंवा रक्तपाताबद्दल तक्रार जवळजवळ नाहीच. लोकांना सोसत नाही ते वेगळंच आहे: चारचौघांत एखाद्याची होणारी शोभा, आणि ज्याच्याबद्दल काडीची माया वाटत नाही असा नायक. या वेळचं सदर त्याच दोन गोष्टींना दिलं आहे.

प्रश्न : मारामारी, ऑपरेशन, सगळं मी बघू शकते. पण एखादं पात्र चारचौघांत स्वतःचं हसं करून घेऊ लागलं, की उठून स्वयंपाकघरात जाते. घरचे चेष्टा करतात. हे असं का होतं आणि यावर उपाय काय? (लोकमान्यनगर)

दुसऱ्याच्या फजितीने आपल्याला कानकोंडं होणं ही तपासून पाहिलेली गोष्ट आहे. जर्मनीत मारबुर्ग इथल्या संशोधकांचा या विषयावरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांपुढे परक्या माणसांच्या फजितीचे प्रसंग ठेवले आणि त्या वेळी मेंदूत काय चालतं ते स्कॅनरवर पाहिलं. दुसऱ्याला दुखापत होताना पाहून मेंदूचे जे भाग कामाला लागतात, त्यांतलेच काही भाग इथेही जागे झालेले दिसले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, फजिती होणाऱ्याला स्वतःला काही कळलेलं नसलं तरी बघणाऱ्याला लाज वाटतेच. पँटची चेन उघडी ठेवून भाषण करणारा माणूस खुशीत असतो, अवघडतात ते पहिल्या रांगेतले.

रक्त तुम्हाला बघवतं, कारण तो रंग आहे हे मनाला ठाऊक असतं. फजितीला असा आडोसा नाही. नट खरोखरच गप्प उभा असतो आणि ती शांतता खरोखरच तेवढ्या सेकंदांची असते. शिवाय तलवारीचा वार आपल्यापैकी कोणी खाल्लेला नाही, पण गणेशोत्सवाच्या स्टेजवर पाठ केलेलं विसरून उभं राहणं बहुतेकांच्या वाट्याला आलेलं आहे.

असे प्रसंग आपोआप होत नाहीत, ते बांधावे लागतात. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला (२०१३) डुक्कर पकडण्याचा प्रसंग नीट बघा. दलित कुटुंबातल्या जब्याला शाळेतली शालू आवडते. तिच्यासमोर आपण कोण आहोत हे दिसू नये, म्हणून तो सिनेमाभर धडपडतो, आणि ही धडपड आपल्याला आधीपासून ठाऊक असते. मग गावाच्या सांगण्यावरून त्याच्या घरच्यांना डुक्कर धरायला उतरावं लागतं, तेही शाळेच्या शेजारीच. पोरं बघायला जमतात, त्यांत शालूही असते. जब्या आडोसा शोधतो, तर बाप त्याला ओढून बाहेर काढतो. डुक्कर जवळजवळ हाती आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं कुटुंब आहे तिथे सावधान उभं राहतं. डुक्कर निघून जातं. म्हणजे पात्राची एक दुखरी जागा आपल्याला आधी दाखवून ठेवली, ज्याने बघू नये त्यालाच साक्षीदार केलं, पळायची वाट बंद केली, आणि वर राष्ट्रगीताची सगळी सेकंदं आपल्याला मोजायला लावली. यातली एक गोष्ट काढली तरी ताण निम्म्यावर येईल. शालू तिथे नसती तर ती नुसती धावपळ झाली असती.

राहिलं तुमचं स्वयंपाकघर. मार्टिन स्कोर्सेसी यांच्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’मध्ये (१९७६) नायक भिंतीवरच्या फोनवरून एका मुलीची विनवणी करतो आणि ती त्याला झिडकारत असते. बोलणं चालू असतानाच कॅमेरा त्याच्यावरून हलतो, बाजूला सरकतो आणि रिकाम्या बोळाकडे बघत राहतो. आवाज तेवढा येत राहतो. दिग्दर्शकाच्या कॅमेऱ्यालाही तिथे नजर हटवावीशी वाटली, तर तुम्ही उठलात यात नवल नाही.

उठून गेल्याने मात्र एक तोटा होतो. आवाज स्वयंपाकघरापर्यंत येतोच, चित्र दिसत नाही, आणि मन पडद्यापेक्षा वाईट चित्र रंगवतं. वर प्रसंग सुटतो तो क्षणही हुकतो, त्यामुळे अंगातला ताण तसाच राहतो. त्याऐवजी बसून राहा आणि आवाज निम्म्यावर आणा. अशा प्रसंगाचा जोर चेहऱ्यापेक्षा श्वासात, चमच्याच्या किणकिणीत आणि न बोललेल्या सेकंदांत असतो. नजर फजिती होणाऱ्यावरून काढून साक्षीदारांवर न्या, ते काय करताहेत ते बघा. खोलीत एक दिवा चालू ठेवा. एवढ्यानेही जमत नसेल तर पुढे काय होतं ते कुणाला तरी आधी विचारून घ्या; शेवट कळला की बहुतेकांना बसवतं. दहा सेकंद पुढे ढकलण्याचं बटण आणि सव्वापट वेग या दोन्ही गोष्टी टाळा. बटणाने तुम्ही थेट पुढच्या अवघड वाक्यावर आदळता. वेग वाढवला तर विराम आखडतात, आणि केविलवाणा माणूस उगाच विदूषक वाटू लागतो.

प्रश्न : गावात झालेल्या एका प्रयोगात भर बैठकीत एका बाईची अब्रू काढली जात होती आणि मागच्या रांगांतून हशा येत होता. इंदूरचा प्रेक्षक इतका कोरडा झाला का? (वैशालीनगर)

तसा निष्कर्ष काढण्याआधी हशा कोणता होता ते आठवून पाहा. घशातल्या घशात येणारा, तोकडा, सुरू होताच तुटणारा हशा हा अवघडल्याचा असतो. शरीराला ताण कुठून तरी बाहेर टाकायचा असतो आणि रडण्यापेक्षा हसणं चारचौघांत सोपं पडतं. लांबणारा, शेजाऱ्याकडे वळून बघत केलेला, टाळीची साथ असलेला हशा हा संमतीचा. चिंता करायची ती या दुसऱ्याची.

विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ तर प्रेक्षकाच्या हशावरच उभं आहे. नाटकमंडळी वेळ घालवायला खोट्या खटल्याचा खेळ मांडतात, बेणारेबाईंना आरोपी करतात. सुरुवातीला बेणारेही हसतात, आपणही हसतो. मग विचारले जाणारे प्रश्न खरे होत जातात, खेळाच्या आडून खरं आयुष्य उघडं केलं जातं, आणि त्या निघू पाहतात तेव्हा दार उघडत नाही. कालपरवा ओळख झालेल्या माणसांबरोबर आपण एका बाईला कोपऱ्यात रेटत होतो हे तेव्हा ध्यानात येतं. तिथे पहिल्या अर्ध्या भागात हशा यायलाच हवा. दार अडकल्यानंतरही तो येत राहिला, तर दोष बहुधा प्रयोगाच्या लयीत असतो: नटांनी मघाच्या विनोदाच्या वेगातच पुढची वाक्यं टाकलेली असतात.

शेजारच्याला ‘शूः’ करू नका, त्याने दुसरा हशा फुटतो. नटाच्या हातात उपाय आहे. हशावर वाक्य चढवायचं नाही, आवाज वर न्यायचा नाही. पुढचं वाक्य हशा पूर्ण विरल्यावर, नेहमीपेक्षा एक पट्टी खाली आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याकडे बघून टाकायचं. तिसऱ्या वाक्यापर्यंत सभागृह बदलतं. आपल्याकडे हे तपासून बघायची सोयही आहे. ‘सानंद’ या इंदूरच्या संस्थेत एकाच नाटकाचे वेगवेगळ्या सभासद-गटांसाठी लागोपाठ प्रयोग होतात. दुपारच्या आणि रात्रीच्या प्रयोगाला गेलेल्या दोघांनी बसून हशाच्या जागा जुळवून पाहाव्यात. नट तेच आणि वाक्यं तीच असूनही जागा बदललेल्या सापडतील.

प्रश्न : ‘द डिसायपल’ बघितला. नायक खडूस, चिडका. ना यश, ना प्रेम. अशा माणसाबरोबर दोन तास का घालवायचे? आमचे हे म्हणतात सिनेमा उत्तम आहे. घरात वाद चालू आहे. (टिळकनगर)

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय. सिनेमाचे अभ्यासक मरे स्मिथ यांनी १९९५ मध्ये एक उपयोगी फरक मांडला: एखाद्या पात्राच्या सोबत असणं वेगळं आणि त्याच्या बाजूचं असणं वेगळं. कॅमेरा ज्याच्याबरोबर फिरतो, ज्याला कळलं तेवढंच आपल्याला कळतं, त्याच्या सोबत आपण असतो. त्याचं वागणं आपल्याला पटतं तेव्हा आपण त्याच्या बाजूचे होतो. सोबत फार लवकर जडते. हिचकॉक यांच्या ‘सायको’त (१९६०) खुनाचा पुरावा लपवण्यासाठी गाडी दलदलीत ढकलली जाते आणि ती बुडता बुडता मध्येच थांबते. त्या क्षणी प्रेक्षकाचा जीव वरखाली होतो तो गाडी बुडावी म्हणून! पटत काहीच नसतं, सोबत मात्र पुरती असते.

चैतन्य ताम्हाणे यांनी ‘द डिसायपल’मध्ये (२०२०) तुम्हाला शास्त्रीय गायक होऊ पाहणाऱ्या शरद नेरुळकरची सोबत दिली आहे, त्याची बाजू घ्या असं म्हटलेलं नाही. फ्यूजन बँडमध्ये जाऊ पाहणाऱ्या शिष्याला तो ज्या तऱ्हेने वाटेला लावतो, ते बघून राग यावा अशीच रचना आहे. गुरूंबद्दल नको ते बोलणाऱ्या जाणकाराच्या तोंडावर तो पेला रिकामा करतो, तेव्हा आपल्याला एकीकडे बरं वाटतं आणि दुसरीकडे शंका येते, की हा चिडला तो ऐकलं ते खोटं होतं म्हणून, की खरं असेल या भीतीने? शरदची भूमिका करणारे आदित्य मोडक स्वतः शास्त्रीय संगीत शिकलेले आहेत, आणि सिनेमात शरद वाईट गात नाही. कमी पडतो, पण थोडक्यात. इंदूर-देवासच्या बैठकी ऐकलेल्या कानाला हे जास्त छळतं, कारण तान कुठे निसटली ते इथे कुणी सांगावं लागत नाही. बेसुऱ्या माणसाला हसून मोकळं होता येतं. नव्वद टक्के जमणाऱ्याचं काय करायचं? तुमचा कंटाळा खरा आहे, पण त्यात थोडी ही अस्वस्थताही मिसळलेली असावी असं आम्हाला वाटतं.

नावडत्या पात्राबरोबर टिकून राहायला आमच्या मते एकच गोष्ट पुरते: त्याला काय हवंय ते लख्ख दिसलं पाहिजे. शरदला काय हवंय ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं आणि शेवटपर्यंत बदलत नाही. ज्या सिनेमांत नायक नुसताच वाईट असतो, त्याला कशाचीच ओढ नसते, ते अर्ध्यावर सोडा. त्यात तुमचा दोष नाही.

आता याच पत्रात आणि इतरही काही पत्रांत आलेला मोठा प्रश्न: सिनेमा अशा माणसाचं समर्थन करतो हे कसं ओळखायचं? संवादांवर जाऊ नका. त्याने कुणाला दुखावलं की पुढच्याच क्षणी कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यावर जातो ते बघा. दुखावलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर थांबला, तर सिनेमाला त्या दुखण्याची जाणीव आहे. नायकाच्याच रुबाबावर गेला आणि खाली ढोल वाजू लागले, तर काय ते समजा. दुखावलेल्या पात्राला नायकाच्या गैरहजेरीत स्वतःचा एखादा तरी प्रसंग आहे का, आणि नायकाच्या वागण्याची किंमत कोण मोजतं, हेही बघा. शेवटी त्याला शिक्षा झाली एवढ्यावर भुलू नका. दोन तास मिरवून घेऊन शेवटच्या पाच मिनिटांत मारलेला नायक प्रेक्षकाच्या डोक्यात मिरवतच राहतो.

उलट ताम्हाण्यांचाच ‘कोर्ट’ (२०१४) बघा. सरकारी वकीलबाई कोर्टात कायद्याची कलमं रुक्षपणे वाचून दाखवतात, राग येतो. मग कॅमेरा त्यांच्या मागोमाग घरी जातो: मुलाला पाळणाघरातून आणणं, स्वयंपाक, रविवारचं नाटक. त्यांचं म्हणणं यातून कुठेही बरोबर ठरत नाही, तरी त्यांना राक्षस म्हणून बाजूला सारता येत नाही. बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईचं प्रकरण पुढे ढकलणारे न्यायाधीशही शेवटी सहलीत, कुटुंबात दिसतात, आणि तिथे एका लहान मुलाला थप्पड मारतात. पार्श्वसंगीत तुम्हाला काय वाटून घ्यायचं ते सांगत नाही, कॅमेरा बहुतेक वेळ दूर आणि स्थिर. ठरवण्याचं काम प्रेक्षकाकडे सोपवलेलं आहे.

प्रश्न : स्वानंद किरकिरे आपल्या इंदूरचे म्हणून ‘चुंबक’ लावला. पण त्या भाबड्या माणसाला पोरं फसवतात ते बघवेना, बंद केला. पुढे बघू का? (महू)

जरूर बघा. तुम्हाला जाचलं ते हे, की पोरांचा डाव आपल्याला पूर्ण ठाऊक असतो आणि किरकिऱ्यांच्या प्रसन्न ठोंबरेला अजिबात नाही. पण सिनेमाची सोबत त्या पोरांतल्या बाळूशी आहे, ठोंबरेशी नाही. म्हणजे जी टोचणी तुम्हाला लागली तीच त्या पोराला लागते की नाही, यावर पुढची गोष्ट चालते. किरकिरे कुठेही कीव मागत नाहीत, म्हणून तर ते सोसणं अवघड जातं. या भूमिकेसाठी त्यांना २०१८ सालच्या चित्रपटांमधून सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. थांबलात तिथूनच सुरू करा, पहिल्यापासून नको.

प्रश्न : मुलं हिंदी-इंग्रजी माध्यमातली, मराठी सिनेमा सबटायटल लावून बघतात. विनोदाला आमच्या आधी हसतात आणि अवघड प्रसंगात त्यांना काहीच वाटत नाही. भाषेमुळे का? (सुखलिया)

भाषेपेक्षा सबटायटलच्या वेळेमुळे. पात्र “मला तुमच्याशी...” म्हणून थांबतं. तो विराम हाच सगळा प्रसंग असतो. पण खाली अख्खं वाक्य एकदम उमटलं, तर मुलांनी ते वाचून संपवलेलं असतं आणि पुढचे सेकंद त्यांच्यासाठी नुसतेच रिकामे जातात. चांगलं सबटायटल करणारे विरामावर वाक्य तोडतात आणि उरलेला भाग तोंड उघडल्यावरच आणतात. सगळीकडे तसं होत नाही. उपाय असा: पहिल्यांदा सबटायटल लावून बघू द्या, मग त्यातला एखादाच दहा मिनिटांचा प्रसंग सबटायटल बंद करून पुन्हा लावा. अर्थ आता कळलेला असतो, नजर चेहऱ्यावर मोकळी राहते. ‘फँड्री’सारख्या सिनेमातली बोली तर माळव्यात वाढलेल्या मोठ्यांनाही पहिल्या खेपेला पूर्ण कळत नाही, तेव्हा त्यांनीही हे करून बघावं.

प्रश्न : सासूबाई आणि चौदा वर्षांचा मुलगा एकाच सोफ्यावर. मध्येच नको तो प्रसंग येतो आणि रिमोट सापडत नाही. (अन्नपूर्णा रोड)

ओटीटीवर सुरुवातीलाच कोपऱ्यात वयोगट येतो: यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए. शेजारी कारणही लिहिलेलं असतं, भाषा की हिंसा की लैंगिक दृश्यं. तुमच्या सोफ्यासाठी आकड्यापेक्षा ते कारण महत्त्वाचं. यूए १३+ आणि त्यावरच्या मजकुराला कुलूप लावायची सोय असते, प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये पिन टाकून ठेवा. तरी प्रसंग आलाच तर घाईने बंद करू नका. पडदा काळा झाला की खोलीतली शांतता त्या प्रसंगाहून जड होते. आवाज थोडा कमी करा आणि जाऊ द्या.

प्रश्न : आम्ही तरुण मंडळी मोबाइलवर लघुपट करतोय. मुलगी बघण्याचा कार्यक्रम आहे, मुलाचे वडील नको तो प्रश्न विचारतात आणि सगळे अवघडतात. चित्रीकरण झालं, पण बघणाऱ्याला नुसता विनोदी वाटतो. मागे सतारही टाकून पाहिली. (राजेंद्रनगर)

सतार आधी काढा. संगीत आलं की प्रेक्षकाला आधार मिळतो, आणि इथे त्याला निराधार ठेवायचं आहे.

बहुधा तुमचे नट अवघडलेपण दाखवताहेत: चाचरणं, रुमालाने घाम पुसणं, डोळे मोठे करणं. खरा माणूस अवघडला की ते लपवायला बघतो. प्रत्येकाला लपवण्यासाठी एक काम द्या. मुलाला बशीतले पोहे संपवायचे आहेत आणि प्रश्न येतो तेव्हा घास तोंडात आहे. मुलीची आई लिंबाची फोड आधीच पिळलेल्या पोह्यांवर पुन्हा पिळते. मुलगी ट्रे घेऊन उभी आहे, ठेवायला टीपॉयवर जागा नाही, आणि कोणी जागा करून देत नाही. हा ट्रे शेवटपर्यंत तिच्या हातात राहू द्या; तेवढ्यावर प्रसंग तोलता येईल.

प्रश्नानंतर तीन पूर्ण सेकंद कोणी बोलायचं नाही. तालमीत हे फार लांब वाटतं आणि नट दीड सेकंदातच तोंड उघडतात, म्हणून कॅमेऱ्यामागून एकाने बोटांवर मोजावं. मग ज्याने बोलायला नको तोच बोलतो: मावशी शेव रतलामची आहे हे सांगू लागते. तिच्याही वाक्यानंतर दोन सेकंद सोडा.

कॅमेरा स्टँडवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. चौकटीत सगळी माणसं आणि त्यांच्यामधलं अंतर दिसू द्या. हा शॉट प्रश्नाच्या आधीपासून मावशीच्या वाक्यापर्यंत न तोडता चालवा. स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड पक्का करा, नाहीतर कोणी हललं की चित्र आपोआप उजळतं आणि शांतता मोडते. जवळचा शॉट एकच घ्या, मुलीच्या चेहऱ्याचा, आणि तो विरामाच्या शेवटी वापरा. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकेक कट मारलात तर तो कट प्रेक्षकाला “आता हस” असं सांगतो. तुमचं सध्या तेच झालं असावं.

आवाजासाठी दुसरा मोबाइल टीपॉयवर फुलदाणीआड ठेवा. पंखा बंद. फ्रिजही बंद करा आणि कोणाची तरी गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचं विसरणार नाही. सगळे गप्प असताना त्या खोलीचा नुसता आवाज तीस सेकंद रेकॉर्ड करून घ्या. एडिटिंगमध्ये विराम वाढवायचा झाला तर खाली हाच लागतो. पूर्ण निःशब्द पट्टी टाकली तर फाइल बिघडल्यासारखी वाटते. कट जुळवताना पाच-सहा फ्रेम पुढेमागे करून बघा. पंचवीस फ्रेमच्या सेकंदात तेवढ्यानेही उत्तर “पटकन दिलं” की “नाइलाजाने दिलं” हे बदलतं.

झाल्यावर ज्यांनी कथा ऐकलेली नाही अशा चार-पाच जणांना दाखवा आणि पडद्याऐवजी त्यांच्याकडे बघा. कोणी मानेवर हात फिरवला, उशी पुढ्यात ओढली, तर जमतंय. कोणी मोबाइल काढला तर लगेच खचू नका: अवघडून मोबाइलकडे वळलेला माणूस मावशी बोलू लागताच मान वर करतो, कंटाळलेला करत नाही. “आवडलं का” असं विचारू नका, सगळे हो म्हणतील. मुलीच्या हातात काय होतं, ते विचारा.